ॲपवरच्या स्थळाची चौकशी कशी करायची?

प्रश्न : माझी मुलगी २८ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. डेटिंगच्या ॲपवर तिची एका मुलाशी ओळख झाली. महिनाभर बोलणं चालू आहे आणि येत्या रविवारी ती त्याला पहिल्यांदा भेटणार आहे. हे तिनं मला सांगितलं, तिच्या बाबांना अजून नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मामांनी ह्यांच्या ऑफिसात जाऊन, बिऱ्हाड होतं त्या चाळीत जाऊन चौकशी केली होती. ॲपवरच्या मुलाची अशी चौकशी करता येते का? करायची तर कुणी आणि कशी?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : ‘हे तिनं मला सांगितलं.’ ऑनलाइन ओळखीतून फसलेली जी माणसं मला लिहितात, त्यांच्या पत्रांत एक गोष्ट हमखास असते. त्या ओळखीबद्दल घरात, मित्रमैत्रिणींत कुणालाच काही ठाऊक नसतं. फसवणाऱ्याला तेच हवं असतं. ‘आपल्यातलं आपल्यातच राहू दे’ हे वाक्य तो प्रेमाच्या नावाखाली फार लवकर बोलून घेतो. तेव्हा पुढचंही तुम्हाला सांगावंसं वाटेल एवढं जपा. ‘कशाला हवीत ही थेरं’ असं एकदा तोंडून गेलं, की पुढच्या वेळी ती सांगणार नाही, भेटायला मात्र जाईलच. बाबांना कधी सांगायचं ते तिला ठरवू द्या.

आता मामांच्या चौकशीकडे वळू. ऑफिसात जाऊन त्यांनी नोकरी खरी आहे का ते पाहिलं. चाळीत जाऊन माणूस घरी कसा वागतो, पितो का, कुणाची उधारी थकवलीय का ते विचारलं. आणि न बोलता तिसरंही एक काम झालं : या मुलीच्या पाठीशी माणसं आहेत, हे मुलाकडच्यांना कळलं. ॲपवर मध्यस्थ नसतो. ॲप दोघांना समोरासमोर आणतं आणि बाजूला होतं. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारनं जून २०१६ मध्ये सूचना काढल्या, त्यांत सदस्यांकडून ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रं घ्यावीत असं सांगितलं आणि ही संकेतस्थळं डेटिंगसाठी नाहीत हेही स्पष्ट केलं. डेटिंगची ॲपं त्यात येत नाहीत. म्हणजे मामांची तिन्ही कामं आता मुलीलाच करायची आहेत. तुम्ही परस्पर काही करू नका. तिच्या नकळत त्या मुलाच्या ऑफिसात फोन गेला, तर तो चांगला असला तरी ओळख तिथंच तुटेल आणि तुमच्यावरचा तिचा विश्वासही.

फोटोपासून सुरुवात करायला सांगा. प्रोफाइलवरचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहिला, की तोच चेहरा दुसऱ्या नावानं कुठं आहे का ते कधी कधी एका मिनिटात कळतं. काहीच सापडलं नाही, तर मात्र फोटो खरा असं समजू नये. हल्ली यंत्रानं बनवलेले चेहरे असतात, ते जगात कुठंच सापडत नाहीत. ॲपवरच्या निळ्या खुणेचाही अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ती खूण एवढंच सांगते, की प्रोफाइलवरच्या फोटोतला चेहरा आणि कॅमेऱ्यासमोर आलेला चेहरा एकच आहे. तो माणूस अविवाहित आहे, नोकरी सांगतो तिथंच करतो, स्वभावानं बरा आहे, यातलं काहीही ती सांगत नाही. खूण पाहून निर्धास्त झालेल्या मुली मला माहीत आहेत.

भेटण्याआधी एक-दोनदा व्हिडिओ कॉल झालाच पाहिजे, यावर मी ठाम आहे. महिनाभर गोड बोलणारा माणूस दर वेळी ‘कॅमेरा बिघडलाय’, ‘इथं नेटवर्क नाही’ म्हणत असेल, तर तिथं पाणी मुरतंय. व्हिडिओवरचा चेहराही आता बनावट करता येतो, म्हणून नुसत्या कॉलवर विसंबू नये. पण जो कॅमेऱ्यासमोर येतच नाही, त्याला भेटायला जाऊ नये हे नक्की.

मग चाळीतली चौकशी. ती साध्या गप्पांतून होते. माणूस स्वतःला कऱ्हाडचा म्हणवत असेल, तर प्रीतिसंगमाचा विषय काढला की तो आपणहून बोलायला लागतो. कृष्णा-कोयनेचं पाणी, यशवंतरावांची समाधी, लहानपणी तिथं कुणाबरोबर जायचा ते. खोट्या माणसाकडे गावाचं नाव असतं, गाव नसतं. मागच्या आठवड्यात सांगितलेली बहीण या आठवड्यात भाऊ होते. त्याचे मित्र कोण, तो सुट्टीच्या दिवशी घरी असताना फोनवर बोलू शकतो का, की फक्त ऑफिसच्या वेळातच बोलतो, याकडे तिनं लक्ष ठेवावं. लग्न झालेले पुरुष बहुधा इथंच उघडे पडतात.

आणखी एक उपाय खास आपल्या देशातला. त्याचा मोबाइल नंबर मिळाला असेल, तर यूपीआयच्या ॲपमध्ये तो टाकून पाहावा. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त खात्यावरचं नाव पाहायचं. ते नाव बँकेच्या नोंदीतलं असतं. ट्रूकॉलरवर दिसणारं नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये साठवलेलं असतं, त्याला तेवढी किंमत नाही. पण हीच वाट उलट दिशेनंही जाते. तिचा नंबर त्याच्या हाती गेला, की तिचं पूर्ण नावही गेलं. म्हणून पहिली भेट होईपर्यंत बोलणं ॲपवरच ठेवलेलं बरं. तिथं तक्रार करता येते, एका क्षणात दार बंद करता येतं.

तिच्या स्वतःच्या प्रोफाइलवरही एकदा दोघींनी बसून नजर टाका. गळ्यातल्या पट्ट्यावर कंपनीचं नाव, मागे सोसायटीच्या फाटकावरची पाटी, स्कूटीचा नंबर, जिमच्या आरशावरचं नाव. मुली पत्ता कधीच लिहीत नाहीत, पण फोटो तो सांगून टाकतात. फोटो मेसेजमधून साधा पाठवला, तर त्यातली ठिकाणाची नोंद बहुतेक ॲपं काढून टाकतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच जाऊ शकते.

अंतराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते फार कुणाला ठाऊक नसतं. ॲपवर ‘२ किलोमीटरवर’ असं दिसतं, ते निरुपद्रवी वाटतं. शाळेतली कंपासपेटी आठवा. एका जागी उभं राहून अंतर पाहिलं, तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं. दुसऱ्या जागेवरून दुसरं वर्तुळ, तिसऱ्या जागेवरून तिसरं. तिन्ही वर्तुळं जिथं छेदतात तिथं माणूस. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं, की बंबल, हिंज, ग्राइंडरसारख्या काही ॲपांवर या युक्तीनं माणसाचं ठिकाण बरंचसं नेमकं काढता येत होतं. कंपन्यांनी नंतर दुरुस्त्या केल्या. तरी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला ‘अंदाजे ठिकाण’ एवढीच परवानगी द्यावी. हे दोन मिनिटांचं काम आहे.

रविवारची भेट दिवसा, वर्दळीच्या जागी आणि शक्यतो तिच्या माहितीतल्या हॉटेलात. जाता-येता स्वतःची गाडी किंवा रिक्षा. ‘मी घरी सोडतो’ हे पहिल्या भेटीत नको, कारण घर कळतं. जागेचा आग्रह त्याचाच असेल आणि ती कुठलीशी अनोळखी जागा असेल, तर बदलून घ्यावी. हे मुलांनाही सांगायला हवं. जून २०२४ मध्ये दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाला ॲपवर ओळख झालेल्या मुलीनं कॅफेत नेलं. थोडं खाणंपिणं झालं, ती काही कारण काढून निघून गेली आणि त्याच्यापुढे सुमारे १ लाख २२ हजार रुपयांचं बिल आलं. धमकावून ते वसूल करण्यात आलं. पोलिसांनी तपास केला तेव्हा मुलगी आणि कॅफेवाले एकाच साखळीतले निघाले.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास देता येतं. आठ तासांचं तुम्हाला किंवा पुण्यातल्या मैत्रिणीला देऊन ठेवायला सांगा. मैत्रिणीशी एखादं वाक्य ठरलेलं असावं. तिनं ‘गॅस बंद केलास ना?’ असा मेसेज केला, की मैत्रिणीनं लगेच फोन करायचा आणि हिनं उठायचं. पेय डोळ्यांसमोर आलेलं असावं, उठून जाऊन परत आल्यावर जुना ग्लास पुन्हा उचलू नये. आणि मन कचरलं तर तिथून निघावं. त्याला वाईट वाटेल, त्यानं पैसे खर्च केलेत, तो इतक्या लांबून आलाय, या कशाचंही तिच्यावर ओझं नाही. आपल्याकडे मुलींना ‘बरं दिसत नाही’ची इतकी सवय लावलेली असते, की धोका दिसत असतानाही त्या खुर्चीवरून उठत नाहीत. हे तुम्ही आई म्हणून तिला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचं बळ जास्त आहे. गरज पडली तर ११२.

मामांचं तिसरं काम आठवतंय ना? ते फार सोपं आहे. बोलता बोलता तिनं त्याला सांगावं : ‘आईला माहितीय मी तुला भेटायला आलेय.’ चांगल्या मुलाला हे ऐकून बरंच वाटतं.

प्रश्न : वय ५९. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा बंगळूरला. फेसबुकवर एका बाईंशी ओळख झाली, सिंगापूरला असतात म्हणतात. रोज बोलणं होतं. त्यांच्या सांगण्यावरून मी एका ट्रेडिंग ॲपमध्ये ५० हजार टाकले. ८ हजार नफा झाला, तो काढला तर खात्यात आलाही. आता मोठी संधी आहे, ५ लाख टाका म्हणतात. पैसे निघतात म्हणजे सगळं खरंच असणार ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : टाकू नका. एक रुपयाही नाही. ते ८ हजार म्हणजे गळाला लावलेलं आमिष आहे, आणि ते तुमच्याच ५० हजारांतून दिलेलं आहे. पडद्यावर वाढताना दिसणारे आकडे हे नुसतं चित्र असतं, कारण ते ॲपच त्यांचं असतं. ५ लाख भरल्यावर तिथं १२ लाख दिसतील. काढायला गेलात की ‘आधी कर भरा’, ‘खातं गोठलंय, सोडवायला १० टक्के भरा’ सुरू होईल. आपल्या देशात शेअरचा व्यवहार सेबीकडे नोंदलेल्या दलालामार्फतच होतो आणि ती नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यांनी तुम्हाला पैसे कुठल्या खात्यात भरायला सांगितले तेही पाहा. भलत्याच माणसाचं किंवा कधी न ऐकलेल्या दुकानाचं खातं असेल. ती भाड्यानं घेतलेली खाती असतात.

चीनमध्ये या प्रकाराला डुकराला खाऊ घालून मग कापण्यावरून नाव पडलं आणि तेच जगभर रूढ झालं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलनं ते वापरू नका असं आवाहन केलं, कारण फसलेल्या माणसाला अशा नावाची लाज वाटते आणि तो तक्रारच करत नाही. मला ते अगदी पटतं.

त्या बाई कोण, हे कदाचित तुम्हाला कधीच कळणार नाही. म्यानमार, कंबोडियात यासाठी कुंपण घातलेल्या वसाहती आहेत. नोकरीच्या आशेनं गेलेल्या तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन त्यांना तिथं बसवलं जातं आणि दिवसभर अशी संभाषणं टाइप करून घेतली जातात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारनं अशा ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. तुम्हाला रात्री ‘जेवलात का’ विचारणारा असाच कुणी कोंडलेला मुलगा असू शकतो.

तुम्ही भोळे आहात म्हणून हे झालं असं कृपया समजू नका. माझ्या नात्यातल्या एका मावशींचा फोन मी स्वतः हातात घेऊन पाहिला आहे. निवृत्त शिक्षिका, हिशेबाला पक्क्या. पाच महिने रोज सकाळी पावणेसातला मेसेज : उठलात का, चहा झाला का, गुडघा कसा आहे. फोटोत पांढऱ्या गणवेशातला जहाजाचा कप्तान. मी फोटो बोटांनी मोठा केला, तर छातीवरच्या पट्टीवर वेगळंच आडनाव होतं. मावशींनी ते आधीच पाहिलं होतं. ‘घाईत दुसऱ्याचा घातला असेल,’ अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पुढे त्यानं भेटवस्तूंचं पार्सल पाठवलं म्हणे आणि दिल्ली विमानतळाच्या कस्टममधून बोलते असं सांगणाऱ्या बाईचा फोन आला. आधी ३८,५०० रुपये शुल्क, मग पार्सलमध्ये परकीय चलन सापडलं म्हणून त्याच्या दुप्पट. मावशींनी दोन्ही वेळा भरले. कस्टम खातं असं फोन करून कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पैशांचं जाऊ दे गं. पावणेसातला आता कोण विचारणार?’

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आजही तुमचं पत्र वाचताना तेच आठवलं. तुमची सोबतीची ओढ खरी आहे आणि तीत लाजण्यासारखं काही नाही. दुसरं लग्न करू पाहणाऱ्या, नुसती मैत्री हवी असलेल्या ज्येष्ठांचे मेळावे आता आपल्याकडेही होतात, तिथं माणसं समोर दिसतात.

आज करायचं ते असं. १९३० या क्रमांकावर फोन करा. ५० हजार ज्या खात्यात गेले त्याचा तपशील, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा, यूपीआयवर तो बारा आकडी असतो. पैसे पुढे कुठं सरकले त्याचा माग काढून ती खाती गोठवण्यासाठीच ही व्यवस्था आहे. पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीला सगळ्यात जास्त यश येतं, पण उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. त्या बाईंना ‘मी तक्रार करतोय’ असं कळवू नका. आणि नंतर ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरा’ म्हणणारा कुणी भेटला, तर तोही त्यांच्यातलाच समजा. मुलाला आज रात्री फोन करून सांगा. तो चिडेल बहुतेक. दोन दिवसांत निवळेल.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, मूळ लातूरचा, पुण्यात शिकतो. ॲपवर भेटलेल्या मुलीनं रात्री व्हिडिओ कॉल केला. तिनं कपडे काढले, मलाही सांगितलं. दहा मिनिटांनी त्याचं रेकॉर्डिंग मलाच आलं. ७ हजार दिले. आता सीबीआयचा अधिकारी म्हणून कुणी फोन करतोय, आणखी ३० हजार मागतोय. नाही तर घरच्यांना पाठवणार. झोप नाही. ताईला सांगू का?
— नाव नको

उत्तर : हो, सांग. हे वाचून झाल्यावर पहिलं तेच कर.

पुढचे ३० हजार देऊ नकोस. ७ हजार दिलेस म्हणून मागणी थांबली का? वाढली. पैसे देणाऱ्याकडेच ते पुन्हा पुन्हा येतात. फोनवरचा अधिकारी खोटा आहे. सीबीआय असे फोन करत नाही आणि प्रकरण मिटवायला पैसे घेत नाही. समोरची मुलगीही बहुधा आधीच चित्रित केलेली होती.

त्यांचे नंबर अडव, पण चॅट, नंबर, पैसे दिल्याची पावती आणि त्यांनी पाठवलेला तो व्हिडिओ यातलं काहीही पुसू नकोस. तो ठेवायला नकोसा वाटेल, पण त्याचा उपयोग आहे. स्टॉप एनसीआयआय नावाची एक मोफत सेवा आहे, ती ब्रिटनमधली एक संस्था चालवते. तिथं व्हिडिओ पाठवावा लागत नाही. तुझ्याच फोनवर त्या फाइलचा एक आकडी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो. मग तीच फाइल तिथं कुणी चढवली तर ती ओळखून अडवता येते. ही सेवा १८ वर्षांवरच्यांसाठी आहे.

तक्रार १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कर. तू काही गुन्हा केलेला नाहीस. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा गुन्हा आहे. असा व्हिडिओ पसरवणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लागतं, त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कुठं व्हिडिओ टाकलाच, तर त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लगेच कळव. असा मजकूर २४ तासांत हटवायचं बंधन २०२१ च्या नियमांनीच त्यांच्यावर घातलं.

हेच पत्र समलिंगी मुलांकडूनही येतं, आणि तिथं धमकी ‘घरी सांगू’ एवढ्याच दोन शब्दांची असते. त्यांच्यासाठीही लिहिते : ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, पोलिसांकडे जायला घाबरू नका. एकट्यानं जायला धीर होत नसेल, तर मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था मदत करतात.

रात्र फार अंगावर आली तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्याआधी ताईला फोन लाव. कशी सुरुवात करू असं वाटत असेल, तर हे पान तिला वाचायला पाठव आणि लिही, ‘शेवटचं पत्र माझं आहे.’ उद्या सकाळी पोलीस ठाण्यात तिलाच बरोबर घेऊन जा. फोन पूर्ण चार्ज करून ने, आणि त्यातलं सगळं आधी दुसरीकडेही साठवून ठेव.